पहिली कोलोनोस्कोपी: कोणी करायची, कधी करायची आणि तयारी कशी करायची

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल एक गोष्ट आधी नीट समजून घेतली की पुढचे बरेच सोपे होते. हा कर्करोग बहुतेक वेळा एकदम उगवत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक बारीकशी मांसल वाढ येते. तिला पॉलिप म्हणतात. बरेचसे पॉलिप आयुष्यभर कुणाला त्रास न देता तिथेच राहतात. काही मात्र वाढत जातात, त्यांच्यातल्या पेशी बदलत जातात, आणि साधारण दहा वर्षांत, कधी त्याहूनही सावकाश, त्यांचा कर्करोग होतो. इतका अवधी फार थोडे कर्करोग देतात. या अवधीत कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून मोठे आतडे आतून बघण्याची तपासणी, झाली तर डॉक्टर तो पॉलिप तिथल्या तिथे काढून टाकतात आणि पुढे होऊ घातलेला कर्करोग टळतो. न्यूयॉर्कमध्ये डॉ. हिरोमी शिन्या आणि डॉ. विल्यम वुल्फ यांनी १९६९ साली दुर्बिणीतून तारेचा फास घालून पॉलिप काढायला सुरुवात केली. त्याआधी आतड्यात वर असलेल्या पॉलिपसाठी पोट उघडावे लागत असे.

या सगळ्या वर्षांत माणसाला काहीही जाणवत नाही. पोट दुखत नाही, भूक जात नाही, वजन उतरत नाही. म्हणून ‘मला तर काहीच त्रास नाही, मग कशाला?’ हा प्रश्न ज्याच्या तोंडी येतो, ही तपासणी नेमकी त्याच माणसासाठी आहे. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात, की आजार आतड्यापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनंतर सुमारे ९० टक्के रुग्ण हयात असतात. यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत पसरल्यावर हाच आकडा १५ टक्क्यांच्या आसपास येतो. जगभरात २०२२ मध्ये सुमारे १९ लाख लोकांना हा कर्करोग झाला आणि ९ लाखांच्या आसपास लोक त्याने गेले.

पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात याचे प्रमाण कमी आहे, हे खरे. पण इंग्लंडमध्ये पन्नाशी ते चौऱ्याहत्तर या वयात दर दोन वर्षांनी शौचाच्या तपासणीचा संच टपालाने घरी येतो. अमेरिकेत पंचेचाळिशी आली की डॉक्टर स्वतःहून विषय काढतात. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासतात. मोठे आतडे त्यात नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला याची आठवण करून देणारे पत्र येणार नाही. आठवण आपली आपणच ठेवायची आहे, म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे.

पायरी १: आपल्याला तपासणी हवी आहे की निदान, हे आधी ठरवा

काहीही तक्रार नसताना करतात ती तपासणी; तक्रार असेल तर तिचे कारण शोधायचे, ते निदान. शौचातून रक्त जाते आहे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल आहे, संडासला जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, विनाकारण वजन घटते आहे, हिमोग्लोबिन उतरले आहे. यांतले काहीही असेल तर पुढच्या पायऱ्यांवरची वयाची गणिते तुमच्यासाठी नाहीत. तुम्ही आत्ताच डॉक्टरांकडे जायला हवे. घरच्या घरी शौचाची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली, म्हणून गप्प बसायचे नाही.

इथे मूळव्याधीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे उशीर होतो तो बहुतेक इथेच. रक्त दिसले की घरातले कुणीतरी म्हणते, ‘उष्णता झाली असेल’ किंवा ‘मूळव्याध आहे, मलाही होती’. एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि लोकलच्या डब्यात मूळव्याध-भगंदर बरे करणाऱ्यांच्या जाहिराती असतातच. माणूस मलम लावतो, चूर्ण घेतो, दोन महिने रक्त थांबते, पुन्हा सुरू होते. मूळव्याध खरोखर असू शकते, ती फार लोकांना असते. पण मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, आणि मूळव्याध दिसली म्हणून वरचे आतडे तपासायचे सुटून जाते. गुदाशयातली गाठ अनेकदा डॉक्टरांच्या बोटाला लागते. त्या तपासणीला एक मिनिट लागते. रक्ताची तक्रार घेऊन गेलात आणि डॉक्टरांनी न तपासताच औषध लिहून दिले, तर ‘एकदा आतून तपासून बघाल का?’ असे स्पष्ट विचारा. यात उद्धटपणा काही नाही.

‘वय लहान आहे’ यावरही विसंबू नका. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात तपासलेल्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आतले निघाले आहे.

दुसरी हुकणारी खूण म्हणजे लोह कमी झाल्यामुळे आलेला पंडुरोग. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ थोडेथोडे रक्त गाळत राहते, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि हिमोग्लोबिन मात्र हळूहळू ९ वर, ८ वर येते. पुरुषाच्या किंवा पाळी गेलेल्या बाईच्या अंगात लोह कमी असेल, तर ते कुठून जाते आहे हे शोधलेच पाहिजे. आपल्या घरांत बाईचे रक्त कमी असणे इतके अंगवळणी पडले आहे, की साठीची आई जिना चढताना धापा टाकते आणि आपण तिला टॉनिकची बाटली आणून देतो. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर येते आणि खूण पुसली जाते. आईच्या बाबतीत हे घडत असेल तर तिचे जुने रिपोर्ट काढा, वर्षावर्षाचे आकडे एकाखाली एक लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.

पायरी २: घरातला इतिहास विचारून घ्या

तक्रार काहीच नसेल तर पुढचा प्रश्न घराण्याचा. तीन गोष्टी हव्यात: कोणाला, कुठला कर्करोग, आणि कितव्या वर्षी.

उत्तर सरळ मिळत नाही. मागच्या पिढीने कर्करोगाचे नाव घरात उच्चारलेले नसते. ‘पोटाचे काहीतरी होते’, ‘आतड्यात गाठ झाली होती’, ‘ऑपरेशननंतर पोटाला पिशवी लावली होती’ असे तुकडे हाती येतात. यातला पिशवीचा तुकडा लक्षात ठेवा. ती नेहमी कर्करोगासाठीच लावतात असे नाही, पण चौकशी पुढे नेण्याइतकी ती खूण नक्की आहे. अशा गोष्टी आत्याला, मावशीला, थोरल्या काकूला नेमक्या माहीत असतात. लग्नकार्यात सगळे एकत्र आले की शांतपणे विचारून घ्या.

आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर तुमची तपासणी चाळीसाव्या वर्षी किंवा त्या व्यक्तीला आजार झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा सुरू होते. वडिलांना ४६ व्या वर्षी झाला असेल तर मुलांची तपासणी ३६ व्या वर्षी. अशा घरांत कोलोनोस्कोपीच करतात, आणि नातेवाइकाला आजार साठीच्या आत झाला असेल तर ती साधारण दर पाच वर्षांनी करतात.

काही घराण्यांत धोका याहून बराच जास्त असतो. दोन-तीन पिढ्यांत आतड्याचा कर्करोग, त्याच घरातल्या बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा अंडाशयाचा कर्करोग, आणि यांतल्या एखाद्याला तरी तो पन्नाशीच्या आत झालेला, असे चित्र असेल तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शंका घेतात. त्यात कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीत सुरू होते आणि दर एक-दोन वर्षांनी करावी लागते. आतड्यात शेकडो पॉलिप येणारा आणखी एक आनुवंशिक आजार आहे, त्यात तर मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षापासून तपासतात. अशी शंका असेल तर साध्या तपासणी केंद्रात न जाता आनुवंशिक कर्करोगाचा सल्ला देणाऱ्या विभागात जा. टाटा मेमोरिअलमध्ये तो आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्ससारखा आतड्याच्या सुजेचा आजार असणाऱ्यांचे वेळापत्रक निराळे असते. लक्षणे सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी नियमित कोलोनोस्कोपी सुरू करतात.

पायरी ३: चाचणी निवडा

घराण्यात काही नाही आणि तक्रारही नाही, असे बहुसंख्य लोक असतात. अमेरिकेत अशांनी ४५ व्या वर्षी सुरुवात करावी अशी शिफारस आहे. २०२१ पर्यंत ती ५० होती. आपल्याकडे सर्वांसाठी असे सरकारी वय ठरलेले नाही. माझे मत विचाराल तर ४५ ते ५० च्या दरम्यान डॉक्टरांशी हा विषय एकदा काढाच. मधुमेह, वाढलेले वजन, तंबाखू-सिगारेट, रोजची दारू यांतले काही असेल तर ४५ लाच.

मुख्य पर्याय दोन. पहिला, शौचातले न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी. तिचा जुना प्रकार कोणतेही रक्त पकडतो, अगदी आदल्या दिवशी खाल्लेल्या मटणातलेही, म्हणून त्याला पथ्य पाळावे लागते. नवा प्रकार फक्त मानवी रक्तातले प्रथिन ओळखतो, त्याला एफआयटी म्हणतात. त्याला पथ्य नाही. लॅबमध्ये ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ एवढेच सांगू नका, ‘एफआयटी आहे का?’ असे विचारा. ही चाचणी वर्षातून एकदा करायची असते. एकदाच करून सोडून दिली तर तिचा उपयोग फार कमी, कारण पॉलिप रोज रक्त गाळत नाही. दरवर्षी वाढदिवसाच्या महिन्यात करायचा नेम ठेवला तर विसरत नाही.

एफआयटी पॉझिटिव्ह आली तर पुढे कोलोनोस्कोपी करायची. ‘पुन्हा एकदा एफआयटी करून बघू’ असे करायचे नाही. दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिलीचा अर्थ पुसला जात नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोगच असेही नाही; बऱ्याच जणांत पॉलिप निघतात, काहींत काहीच निघत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे थेट कोलोनोस्कोपी. ती स्वच्छ निघाली तर साधारण धोका असलेल्या माणसाला पुढची दहा वर्षांनी. पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढता येतो, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा.

मला स्वतःला, घराण्यात काही नसलेल्या आणि तपासणीची भीती वाटणाऱ्या माणसाला दरवर्षीच्या एफआयटीवर आणणे जास्त व्यवहार्य वाटते. जी चाचणी खरोखर केली जाते ती उपयोगी पडते.

आता ज्या चाचण्यांवर विसंबायचे नाही त्या. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये सीईए नावाची रक्तचाचणी ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून असते. कर्करोग झालेल्या रुग्णाचा पुढचा पाठपुरावा करायला ती चांगली आहे. निरोगी माणसात कर्करोग शोधायला ती निरुपयोगी आहे: सुरुवातीच्या कर्करोगात ती अनेकदा नॉर्मल असते आणि नुसत्या सिगारेटनेही वाढते. सीईए नॉर्मल आली म्हणून निश्चिंत झालेली बरीच माणसे असतात, आणि मला त्यांची सर्वांत जास्त काळजी वाटते. पोटाच्या सोनोग्राफीत पॉलिप दिसत नाहीत, तीही यासाठी नाही.

अमेरिकेत असलेल्या मराठी वाचकांसाठी थोडे: तिथल्या बहुतेक आरोग्य विम्यांना पंचेचाळिशीनंतरची ही तपासणी ग्राहकाकडून वेगळे पैसे न घेता करून द्यावी लागते, आणि शौचाची चाचणी पॉझिटिव्ह आल्यानंतरची कोलोनोस्कोपीही त्यातच धरतात. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर मात्र त्यांची तपासणी निघण्याआधी इकडेच उरका. पाहुण्यांसाठी घेतलेल्या विम्यात अशी तपासणी सहसा नसते.

पायरी ४: वेळ घेताना काय विचारायचे

कोलोनोस्कोपी पोटविकारतज्ज्ञ करतात, काही ठिकाणी शल्यचिकित्सक. फोनवर किंवा भेटीत चार गोष्टी विचारा. पूर्ण आतड्याची तपासणी आहे ना? कारण फक्त खालचा भाग बघणारी छोटी तपासणीही असते. गुंगीचे औषध देणार का, आणि ते कोण देणार? पॉलिप निघाला तर त्याच वेळी काढणार का, की पुन्हा यावे लागेल? सांगितलेल्या खर्चात गुंगी, पॉलिप काढणे आणि बायोप्सी (काढलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) धरली आहे का? शेवटचा प्रश्न टाळला तर बिलाच्या वेळी वाद होतो. ॲडमिशनशिवाय केलेल्या तपासणीचा खर्च आपल्याकडचे विमे बहुधा देत नाहीत, तेही आधी विचारून ठेवा.

घेत असलेल्या औषधांची यादी न्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात, कारण त्यांनी आतड्याला काळा थर बसतो. इसबगोलही थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि नवी औषधे, कधी थांबवायच्या आणि थांबवायच्या की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट घातलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या काही दिवस आधीच थांबवायला सांगतात, आणि इन्सुलिनचा डोस बदलावा लागतो. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा. सकाळची वेळ मिळाली तर घ्या, विशेषतः मधुमेह असेल तर.

पायरी ५: पोट साफ करण्याची तयारी

सगळी तपासणी इथे जमते किंवा बिघडते. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, तसे घाणेरड्या आतड्यात ५ मिलीमीटरचा पॉलिप दिसत नाही. तयारी अर्धवट झाली तर डॉक्टर कितीही निष्णात असोत, त्यांना तपासणी पुन्हा करायला सांगावी लागते. तुमच्या केंद्राने दिलेला कागद प्रमाण मानायचा. पुढे लिहिले आहे ते त्याला पूरक.

दोन-तीन दिवस आधीपासून चोथा आणि बिया बंद. म्हणजे पालेभाज्या, भेंडी, वांगी, टोमॅटो, पेरू, डाळिंब, कडधान्ये, भाकरी, तीळ, खसखस, शेंगदाणे, ओले खोबरे नको. चालते काय? पांढरा भात, मऊ गुरगुट्या भात, दही, पनीर, इडली, पांढरा ब्रेड, अंडी, मासे. आपल्याकडे एक घोळ हमखास होतो: ‘हलके खा’ म्हटले की लोक उपासाचे खातात. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट असते, राजगिऱ्यात बारीक दाणे असतात. उपासाचे पदार्थ हलके वाटतात, पण या कामाला चालत नाहीत.

आदल्या दिवशी सकाळी थोडेसे खाऊन नंतर फक्त आरपार दिसणारे द्रव. पाणी, शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, कोरा चहा, मुगाच्या डाळीचे वरचे गाळलेले पाणी, गाळलेले सूप. दूध, ताक, सोलकढी चालत नाही. लाल-जांभळे काहीही नको: कोकम सरबत, बीट, गुलाबाचे सरबत. आतड्यात उरलेला तो रंग रक्तासारखा दिसतो.

जुलाबाचे औषध बहुधा पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर असते, साधारण २ लिटर पाण्यात कालवायची. चव खारट आणि तेलकट लागते. फ्रिजमध्ये गार करा, लिंबाचे थेंब पिळा, नळीने प्या, दर दहा-पंधरा मिनिटांना एक पेला. मळमळले तर अर्धा तास थांबा आणि पुन्हा सुरू करा. अर्धे औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी घेतले की आतडे सगळ्यात स्वच्छ राहते. त्यासाठी पहाटे उठावे लागते, तरी उठा. औषधाखेरीज वर सांगितलेले द्रवही पीत राहा, म्हणजे अंगातले पाणी कमी होत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि वयस्कर माणसांनी सोडियम फॉस्फेटचे औषध टाळायचे असते, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने कुठलेही जुलाबाचे औषध आणू नका.

पहिला जुलाब तासाभरात होतो, मग सतत जावे लागते. घरातल्या तयारीकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून लिहितो. पाणीकपातीचा वार सोडून दिवस निवडा, नाहीतर पिंप भरून ठेवा. गुडघे दुखत असतील तर कमोड असलेल्या घरी राहा. कागदाने पुसण्यापेक्षा पाणी वापरा आणि त्या जागी आधीच व्हॅसलीन लावा, दहाव्या वेळी त्याची किंमत कळते. सत्तरीच्या माणसाला त्या रात्री एकटे ठेवू नका. चक्कर येऊन पडण्याची भीती असते. मधुमेहींनी अधूनमधून साखर तपासावी, ती उतरली तर साखर घातलेले लिंबूपाणी घ्यावे.

गावाहून येणाऱ्यांना कळकळीने सांगतो, औषध घरी पिऊन चार तासांच्या एसटीत बसू नका. आदल्या दिवशी दुपारीच शहरात या, नातेवाइकांकडे किंवा दवाखान्याजवळच्या लॉजवर स्वतंत्र संडास असलेली खोली घ्या. काही दवाखाने तयारीसाठी आदल्या रात्री भरती करून घेतात, तेही विचारा.

तयारी झाली हे कसे ओळखायचे? शेवटी फक्त पिवळसर, लघवीसारखे स्वच्छ पाणी आले पाहिजे, तळ दिसेल असे. सकाळीही तपकिरी, गढूळ येत असेल तर निघण्याआधी केंद्राला फोन करा, ते आणखी औषध सांगतात. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही, आणि तोंडाने सगळे कधी बंद करायचे, याची वेळ कागदावर असते. ती पाळा, ती गुंगीच्या सुरक्षिततेसाठी आहे.

पायरी ६: तपासणीचा दिवस

सोबत कुणीतरी हवेच. गुंगीनंतर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. दागिने घरी ठेवा, नखांचे पॉलिश काढा. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात.

लाज ही खरी अडचण आहे, ती उगाच हसण्यावारी नेऊ नये. बहुतेक केंद्रांत मागून चीर असलेली कागदी विजार घालायला देतात आणि अंगावर चादर असते. बायकांना स्त्री-कर्मचारी किंवा डॉक्टर हवी असेल तर वेळ घेतानाच सांगावे. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीच्या पत्रकार केटी कुरिक यांचे पती १९९८ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी याच कर्करोगाने गेले. त्यानंतर २००० साली त्यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी लाखो प्रेक्षकांसमोर दाखवली आणि पुढच्या महिन्यांत तिथे तपासणीला येणाऱ्यांची संख्या वाढली. मला तो फार धाडसी आणि मायेचा निर्णय वाटतो.

डाव्या कुशीवर झोपवतात, शिरेतून औषध देतात, आणि बहुतेकांना पुढचे फारसे आठवत नाही. बोटाएवढी जाड, लवचीक नळी गुदद्वारातून सुमारे दीड मीटर लांबीच्या आतड्याच्या टोकापर्यंत नेतात. खरे बघणे नळी बाहेर घेताना होते. सगळे वीस ते चाळीस मिनिटांत संपते. पॉलिप काढताना दुखत नाही. गुंगीशिवायही काही ठिकाणी करतात. त्यात पोट फुगल्यासारखे आणि कळ आल्यासारखे होते, म्हणून आधी विचारलेले बरे.

नंतर वायू सरतो, त्याला संकोचू नका, सरू द्या. संध्याकाळी हलके जेवण चालते. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण तो हजारात एकापेक्षा कमी. पॉलिप काढला असेल तर दोन आठवड्यांपर्यंतही रक्तस्राव होऊ शकतो. पोटात जोराची कळ, ताप, किंवा भरपूर रक्त यांतले काही झाले तर सकाळची वाट न बघता त्याच दवाखान्यात जा.

पायरी ७: रिपोर्ट वाचा

घरी आल्यावर रिपोर्ट फाइलमध्ये टाकण्याआधी तीन गोष्टी शोधा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोहोचली का. तिथल्या अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो असतो. आतडे किती स्वच्छ होते. स्वच्छतेचे ‘बोस्टन’ गुण दिले असतील तर एकूण ९ पैकी असतात आणि आतड्याच्या तिन्ही भागांत किमान २ हवेत. आणि पॉलिप होते का: किती, किती मिलीमीटरचे, पूर्ण काढले का.

बायोप्सीचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. त्यात ‘ॲडेनोमा’ लिहिलेले बघून घरात रडारड होते. ॲडेनोमा म्हणजे कर्करोग नाही. पुढे होऊ शकला असता तो पॉलिप काढून झाला आहे, असा त्याचा अर्थ. पुढची तारीख त्यावरून ठरते. अमेरिकेतल्या सध्याच्या शिफारशींनुसार १० मिलीमीटरपेक्षा लहान एक-दोन साधे ॲडेनोमा असतील तर सात ते दहा वर्षांनी, तीन-चार असतील तर तीन ते पाच वर्षांनी, पाच ते दहा असतील किंवा एखादा १० मिलीमीटर वा मोठा असेल तर तीन वर्षांनी. गुदाशयातले छोटे हायपरप्लास्टिक, म्हणजे सहसा कर्करोगाकडे न जाणारे, पॉलिप असतील तर दहा वर्षांनी. तुमचे डॉक्टर याहून लवकर बोलावत असतील तर कारण विचारा. स्वच्छता कमी पडली असेल तर ते योग्यच आहे.

पुढची तारीख रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक लिहा आणि मुलांच्या फोनमध्येही टाका, कारण दहा वर्षांनी दवाखाना बदललेला असतो. पॉलिप १० मिलीमीटर किंवा मोठा असेल, किंवा बायोप्सीत ‘व्हिलस’ किंवा ‘हाय ग्रेड डिसप्लेझिया’ लिहिले असेल, तर तुमच्या सख्ख्या भावंडांसाठी आणि मुलांसाठी तो घराण्याचा इतिहास धरतात. दोन्ही रिपोर्टांचे फोटो काढून त्याच दिवशी त्यांना पाठवा, आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.